मुद्दलाला हात लावायचा नाही, एवढंच पुरेसं आहे का?

एका मावशींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीचं आजारपणात निधन झालं. मागे नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. जाण्याआधी बहिणीने मृत्युपत्र केलं आणि स्वतःच्या कमाईची सगळी पुंजी मुलांसाठी ट्रस्टमध्ये ठेवली. विश्वस्त दोन: या मावशी आणि मुलांचे थोरले काका. मृत्युपत्र त्रोटक आहे. पैशाच्या उत्पन्नातून मुलांचं शिक्षण आणि आजारपण भागवावं आणि पंचविसाव्या वर्षी प्रत्येकाला मुद्दलाचा निम्मा हिस्सा द्यावा, एवढंच त्यात आहे. मावशींनी सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकली असून मुद्दलाला हात लावायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं आहे.

आता दाजी म्हणतात, घर लहान पडतंय, मोठ्या फ्लॅटसाठी यातले थोडे पैसे द्या, शेवटी राहणार मुलंच आहेत. काका म्हणतात, मुलांच्या नावाने एफडी करू, वडिलांना पालक लावू आणि मोकळे होऊ. हव्या तेवढ्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो. मावशींचे बंधू शेअर बाजाराचा आग्रह धरतात. मुलीच्या क्लासची फी भरली की मावशी तेवढीच रक्कम मुलासाठी बाजूला काढतात, उद्या कुणी भेदभाव केला म्हणायला नको म्हणून. आणि अलीकडे दाजींनी हिशेब मागितला, ते त्यांच्या मनाला फार लागलंय. "बहिणीच्या लेकरांचे पैसे मी खाणार आहे का? सगळं सोडून द्यावंसं वाटतं, पण तिला शब्द दिलाय. पैसे नेमके कुठे ठेवू, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही?"

*

नमस्कार.

कुणाला बोलायला जागाच राहणार नाही अशी गुंतवणूक मला माहीत नाही. तुमची नियत मात्र पत्राच्या ओळीओळीत दिसते, त्यामुळे मी तिच्याबद्दल काही बोलत नाही. तुम्ही गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टींबद्दल बोलतो. त्यातली पहिली म्हणजे, पैशाला हात न लावणं हीच बहिणीच्या शब्दाची राखण.

थोडं गणित करू. मुलगी पंचविशीची व्हायला चौदा वर्षं आहेत, मुलाला एकोणीस. महागाई वर्षाला ५ टक्के धरा. मुद्दल तसंच ठेवून व्याज दरवर्षी खर्च होत राहिलं, तर आजच्या शंभर रुपयांत जेवढं येतं त्याच्या जेमतेम निम्मं मुलीच्या हाती पडेल. मुलाच्या शंभर रुपयांची खरेदीशक्ती उरेल चाळीसच्या आसपास. रुपये दोघांनाही सारखेच मिळतील, कागदावर वाटणी चोख असेल आणि प्रत्यक्षात धाकट्याला कमी मिळालेलं असेल. तुम्ही क्लासच्या फीएवढे पैसे त्याच्यासाठी बाजूला काढताय, पण त्याचं खरं नुकसान होतंय ते इथे.

व्याज खर्च केलं नाही आणि पुन्हा ठेवीत टाकलं तर? समजा ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि त्यावर तीस टक्के दराने कर जातो. हातात राहतात ४.९ टक्के. म्हणजे महागाईच्या बरोबरीने कसंबसं चालणं, तेही शिक्षणाला एक पैसा खर्च न करता. शिक्षणासाठी ठेवलेला पैसा शिक्षणाला न वापरता कसाबसा टिकवला, असं काही तुमच्या बहिणीच्या मनात असेल असं मला वाटत नाही.

१८३० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयापुढे विश्वस्तांनी शेअरमध्ये पैसे गुंतवल्याचा वाद आला होता. निकाल देताना न्यायमूर्ती म्हणाले, तुम्ही काहीही करा, मुद्दल धोक्यातच असतं. विश्वस्ताने शहाण्या माणसासारखं वागावं, या नंतर जगभर पसरलेल्या कसोटीचं मूळ त्या निकालात आहे. आपल्याकडे खासगी ट्रस्टना लागू असलेल्या १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्टचं १५ वं कलमही तेच सांगतं: सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने घ्यावी. तेवढी काळजी घेतली असेल तर, दस्तऐवजात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास, नुकसानीची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. म्हणजे कायदा तुमच्याकडे नफ्याची हमी मागत नाही. निर्णय कसा घेतला ते मागतो. "मी काहीच केलं नाही" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण सगळं मुदत ठेवीत ठेवणं हाही तुम्ही घेतलेला एक निर्णयच आहे.

याचा अर्थ बंधूंचं ऐकून उद्या सगळं बाजारात घालावं असा नाही. तुमच्या मृत्युपत्रातली खरी मेख बहुधा अजून कुणी तुम्हाला दाखवलेली नाही. खर्च उत्पन्नातून करायचा आहे आणि मुद्दल शेवटी द्यायचं आहे. सगळं ठेवीत घातलंत तर आज व्याज भरपूर मिळेल, मुद्दल मात्र झिजत जाईल. सगळं वाढीच्या गुंतवणुकीत घातलंत तर पुढे मुद्दल फुगेल, पण आज मुलीच्या फीसाठी हातात काही येणार नाही. एक टोक आजच्या मुलांच्या बाजूचं, दुसरं पंचविशीतल्या मुलांच्या बाजूचं. विश्वस्ताला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात आणि ते गुंतवणुकीच्या एकाच प्रकारात साधत नाही.

म्हणून आधी वर्षं मोजा, मग पैसे विभागा. येत्या तीन-चार वर्षांत फी आणि आजारपणासाठी लागेल तेवढं उत्पन्न देणारी रक्कम ठेवीत राहू द्या. तीही एकाच बँकेत नको: बँक बुडाली तर ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे, आणि जास्त व्याजाच्या ओढीने छोट्या बँकेत सगळी पुंजी ठेवणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. पाच ते दहा वर्षांसाठी सरकारी रोख्यांचा विचार करा. त्यांचं व्याज सहसा सहामाही येतं, ते फीच्या वेळापत्रकाशी जुळवता येतं. दहा वर्षांच्या पुढच्या पैशातला काही भाग, तोही मुलाच्या हिश्शातला जास्त आणि मुलीच्या हिश्शातला कमी, इंडेक्स फंडासारख्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडासारख्या) साध्या, कमी खर्चाच्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने जाऊ शकतो. मात्र हे करताना २००८ आठवा. त्या वर्षी जानेवारीत एकवीस हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरच्या अखेरीस साडेआठ हजारांपर्यंत खाली आला होता. एकोणीस वर्षं थांबायची सोय असलेल्या पैशाला ते झेपतं, दोन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला झेपत नाही. त्यामुळे प्रत्येकाची पंचविशी चार-पाच वर्षांवर आली की त्याचा हिस्सा हळूहळू बाजारातून काढून सुरक्षित ठिकाणी आणायचा, हेही आजच लिहून ठेवा. ऐन वेळी बाजार चढता असला की कुणाचाच हात काढून घ्यायला धजत नाही.

पण थांबा. यातलं काहीही करण्याआधी मृत्युपत्र घेऊन वकिलाकडे जा. विश्वस्ताला कुठेही गुंतवणूक करण्याची मोकळीक नसते. ट्रस्ट्स अ‍ॅक्टच्या २० व्या कलमात काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. त्यानुसार मृत्युपत्रात स्पष्ट परवानगी दिलेल्या किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या गुंतवणुकींतच हा पैसा ठेवता येतो. तुमच्या मृत्युपत्रात याबद्दल चकार शब्द नाही, असं पत्रावरून दिसतं. तेव्हा कुठला फंड चालतो हे तर विचाराच, पण मुदत ठेवही आपोआप नियमात बसते असं धरून चालू नका. शंका उरली तर ३४ व्या कलमाखाली विश्वस्त स्वतः न्यायालयात जाऊन मालमत्तेच्या व्यवस्थापनाबद्दल मार्गदर्शन मागू शकतात. याला कुणी भांडण म्हणू नये. न्यायालयाच्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्या विश्वस्ताकडे नंतर सहसा बोट दाखवता येत नाही.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. समजा मुलीचं पुढचं शिक्षण उत्पन्नात भागलं नाही, तर मुद्दलातून देता येईल का? ४१ व्या कलमाप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, लाभार्थ्याच्या शिक्षणासाठी उत्पन्न अपुरं पडलं तर प्रमुख दिवाणी न्यायालयाच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या, परवानगीने मुद्दल वापरता येतं. परवानगीशिवाय नाही. तेव्हा 'मुद्दलाला हात लावायचा नाही' ही तुमची शपथ कायद्याने घातलेली नाही, त्याने फक्त मधे एक दार ठेवलं आहे. वेळ आली तर ते ठोठवायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट पंचविसाव्या वर्षाची. बहुतेकांना वाटतं, मृत्युपत्रात पंचवीस लिहिलं म्हणजे पंचवीसच. ते मृत्युपत्राच्या शब्दरचनेवर अवलंबून असतं. हिस्सा आजच मुलाचा झालाय आणि फक्त ताबा पुढे ढकललाय, की पंचवीस पूर्ण केली तरच तो त्याचा होणार आहे, यात मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात अठराव्या वर्षी सज्ञान झालेला लाभार्थी ५६ व्या कलमाचा आधार घेऊन आपली मालमत्ता हातात मागू शकतो. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे हे मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता काकांकडे वळू. त्यांचा तोडगा सगळ्यात साधा वाटतो आणि सगळ्यात घातकही तोच आहे. मुलांच्या नावाने एफडी करून वडिलांना पालक लावलं की ट्रस्ट उरतच नाही. मुलं अठराची झाली की पैसा थेट त्यांच्या हाती, आणि तोवर व्यवहार वडिलांच्या सहीने. तुमच्या बहिणीला हेच करायचं असतं तर तिला मृत्युपत्रात ट्रस्ट कशाला लागला असता? तिने मुद्दाम वेगळी वाट धरली. ती का धरली हे तिलाच ठाऊक. पण ती मोडायचा अधिकार काकांनाही नाही आणि तुम्हालाही नाही.

कोऱ्या सह्या तर मुळीच घेऊ नका. सहविश्वस्तांनी मिळून काम करायचं असतं, आपला निर्णयाधिकार एकमेकांवर ढकलायचा नसतो (कलमं ४७ आणि ४८), आणि एकाच्या गैरव्यवहाराकडे दुसऱ्याने काणाडोळा केला तर तोही जबाबदार धरला जातो. काकांना हे भीती घालायला नको, समजावून सांगा. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून ते सह्या देताहेत. त्या विश्वासापोटीच ते अडकतील. त्यांना वेळ नसेल तर सहा महिन्यांतून एकदा तासभर मागून घ्या. तेवढाही जमत नसेल तर नवा विश्वस्त नेमण्याचा रीतसर मार्ग ७३ व्या कलमात आहे. नुसतं "मी सोडलं" म्हणून विश्वस्तपद सुटत नाही. एकदा स्वीकारलं की न्यायालयाच्या परवानगीने, मृत्युपत्रात तशी तरतूद असेल तर तिच्या आधारे, किंवा सज्ञान लाभार्थ्याच्या संमतीनेच त्यातून बाहेर पडता येतं. इथे दोन्ही लाभार्थी अज्ञान आहेत, तेव्हा तिसरा रस्ता आज बंद आहे. सगळं सोडून द्यावंसं वाटतंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे तुम्हालाही सांगतो.

दाजींच्या मागणीवर तुम्ही 'हो' आणि 'नाही' या दोनच उत्तरांचा विचार करताय. मला चार दिसतात.

पहिलं, पैसे देऊन टाकणं. हे नाही. शिक्षण आणि आजारपण एवढंच मृत्युपत्रात आहे, फ्लॅट दाजींच्या नावावर होणार आहे, आणि मुलं तिथे राहणार हे खरं असलं तरी ती त्यांची मालमत्ता होणार नाही.

दुसरं, कर्जाऊ देणं. ऐकायला व्यावहारिक आहे: व्याज घ्या, घर तारण घ्या. पण हप्ते थकले तर भाच्यांच्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही लिलावात काढाल का? काढणार नसाल तर त्याला कर्ज म्हणू नका.

तिसरं, ट्रस्टनेच फ्लॅटचा काही हिस्सा विकत घेणं. नोंदणीकृत करारात टक्केवारीसह ट्रस्टचं नाव घालून. याला मान आहे, पण व्यवहारात ते जड जातं. मुलगी पंचवीसची झाल्यावर तिच्या हिश्शाचे पैसे कुठून आणाल, तेव्हा वीस वर्षांचा भाऊ आणि वडील त्याच घरात राहत असतील तर? शिवाय घराचा हिस्सा भाडं देत नाही, मग फीसाठी उत्पन्न येणार कुठून? आणि मृत्युपत्रात स्थावर मालमत्तेत गुंतवणुकीची परवानगी नसेल तर हा विचार इथेच संपतो.

चौथं उत्तर मला सगळ्यात रास्त वाटतं, आणि ते मृत्युपत्रातच दडलेलं आहे. शाळेची आणि क्लासची फी, औषधोपचार हे खर्च ट्रस्टने उत्पन्नातून थेट उचलावेत. पैसे शाळेच्या खात्यात जावेत, पावती ट्रस्टच्या नावाने यावी. आज हा भार बराचसा दाजी सोसत असणार. तो हलका झाला की त्यांच्या पगारातून तेवढे पैसे घराच्या हप्त्याला मोकळे होतील. मुलांना मोठं घर मिळेल, घर कायदेशीररीत्या दाजींचंच राहील, कर्जाची जोखीमही त्यांचीच, आणि ट्रस्टचा रुपया नेमलेल्या कामालाच लागलेला असेल. एक पथ्य मात्र पाळा. मुलांना सांभाळणं ही वडिलांची कायदेशीर जबाबदारीही आहे, त्यामुळे रोजचा घरखर्च, कपडालत्ता ट्रस्टवर सरकू देऊ नका. मर्यादा आकड्यात ठरवा, दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी बसून ठरवा, आणि दाजींना ती आधीच कळू द्या. हप्ता किती झेपेल हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.

हे त्यांच्याशी बोलताना "तिने तुमच्यावर विश्वास टाकला नाही" या वाटेने जाऊ नका. ते खरंही असेलच असं नाही. ट्रस्टमधला पैसा वडिलांच्या कर्जाच्या वसुलीत ओढला जात नाही, त्यांच्यावर काही संकट आलं तरी मुलांचं शिक्षण चालू राहतं. बायको गेल्यानंतर मुलांच्या प्रत्येक खर्चाला मेहुणीची परवानगी लागते आहे असं वाटणं किती बोचत असेल याचाही विचार करा. मोठ्या घराच्या मागणीत थोडा हिशेब असेल, थोडी ही बोच असेल.

म्हणून हिशेबाचं. तुम्हाला लागलं हे मी समजू शकतो, पण दाजींनी काहीही गैर मागितलेलं नाही. मुलं अज्ञान आहेत, त्यांच्या वतीने विचारणारा माणूस त्यांचे वडीलच. लाभार्थ्याला ट्रस्टचे हिशेब आणि कागदपत्रं पाहण्याचा हक्क आहे आणि ते नेटके ठेवणं हे विश्वस्ताचं कर्तव्य, १९ व्या कलमात तसं लिहिलेलंच आहे. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं, हे समीकरण आपल्या घरांमध्ये इतकं मुरलंय की त्यापायी सख्खी नाती तुटतात. आणि तुटतात ती बहुधा पैसे खाल्ल्यामुळे नव्हे, तोंडी सांगितलेले आकडे दहा वर्षांनी जुळत नाहीत म्हणून. दाजींनी पुन्हा विचारायची वाट पाहू नका. दर सहा महिन्यांनी एक पानाचा ताळेबंद आपणहून पाठवा: सुरुवातीची रक्कम, आलेलं उत्पन्न, कर, कुणासाठी काय खर्च झाला, शिल्लक. खाली दोन्ही विश्वस्तांच्या सह्या.

यासाठी ट्रस्टचं स्वतंत्र पॅन आणि स्वतंत्र बँक खातं हवं. तुमच्या खात्यातून एकही व्यवहार नको, अगदी "आत्ता मी भरते, नंतर वळते करून घेते" असाही नको. निर्णयांची एक वही ठेवा. काय ठरलं, का ठरलं, कुठल्या पर्यायाला नकार दिला आणि का. तुमच्यासाठी या वहीतल्या 'का' ला रकमेइतकीच किंमत आहे. पंधरा वर्षांनी भाचा विचारेल, बाजार पडलेला असताना माझे पैसे तिथे का होते? तेव्हा तुमच्या आठवणीपेक्षा त्या दिवशीची नोंद बोलेल. या कामासाठी तुमचा जो प्रवास, पोस्ट, सीएची फी असा वाजवी खर्च होईल तो ट्रस्टमधून घ्यायला हरकत नाही. मेहनताना मात्र मृत्युपत्रात लिहिलेला नसेल तर घेता येत नाही.

त्याच वहीत मुलांची दोन खाती उघडा आणि मुद्दलाचे दोन भाग आत्ताच कागदावर वेगळे करा. मुलीच्या भागाचं उत्पन्न तिच्या शिक्षणाला, मुलाच्या भागाचं त्याच्या. मग मुलीच्या क्लासची फी भरल्यावर धाकट्यासाठी तेवढेच पैसे बाजूला काढण्याची गरज उरत नाही; त्याचं उत्पन्न त्याच्या खात्यात साठतंच आहे. कायदा विश्वस्ताकडून निःपक्षपातीपणा मागतो, रुपयाला रुपया मागत नाही. मृत्युपत्राचे शब्द अशी विभागणी करू देतात का, हे मात्र वकिलाने सांगायला हवं, विशेषतः एका मुलाचं मोठं आजारपण निघालं तर दुसऱ्याच्या उत्पन्नाला हात लावायचा का, या प्रश्नासाठी.

कराचं थोडक्यात. वारसा मिळाला म्हणून आपल्याकडे कर नाही. मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर १९८५ मध्ये रद्द झाला. पण पुढच्या उत्पन्नावर आहे. हिस्से ठरलेले असतील आणि उत्पन्न मुलांना मिळत असेल तर ते वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जाण्याची शक्यता असते. तसं झालं तर दाजींचा कर वाढेल, आणि तो त्यांनी खिशातून का भरावा हा त्यांचा प्रश्न रास्त ठरेल. हिस्से विश्वस्तांच्या मर्जीवर असतील तर साधारणपणे सर्वोच्च दर लागतो. त्यालाही अपवाद आहेत, आणि मृत्युपत्राने केलेल्या काही ट्रस्टना ते लागू होतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे जुने आकडे बदलले आहेत, तेव्हा ट्रस्टचं काम केलेला सीए गाठा. नुसती पगारदारांची विवरणपत्रं भरणारा इथे पुरणार नाही. जाता जाता, कुणी तुम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायला पाठवलं तर जाऊ नका. ती सार्वजनिक ट्रस्टसाठी असते, दोन भावंडांच्या खासगी ट्रस्टचा तिच्याशी संबंध नाही.

मुलांना काही सांगायचं नाही, असंही तुमच्या पत्रातून डोकावतं. अकरा वर्षांच्या मुलीने दाराआडून बरंच ऐकलेलं असतं, आणि अर्धवट ऐकलेला आकडा पूर्ण आकड्यापेक्षा मोठा वाटतो. रक्कम आत्ता सांगू नका. आईने तुमच्या शिक्षणाची सोय करून ठेवली आहे, मावशी आणि काका ती सांभाळतात, बाबांना सगळा हिशेब माहीत असतो, एवढं दोघांनाही सांगता येईल. मुलगी चौदा-पंधराची झाली की सहामाही बैठकीत तिला बसू द्या. तिच्या खात्यातला एखादा छोटा निर्णय तिच्यावर सोपवा, चुकला तर चुकू द्या. पंचविसाव्या वर्षी एका दिवसात मोठी रक्कम हाती येणाऱ्या माणसाला त्याआधी दहा वर्षं हिशेब वाचायची सवय असावी.

ज्या वाचकांनी आपलं मृत्युपत्र अजून केलेलं नाही त्यांच्यासाठी यात बरंच घेण्यासारखं आहे. मुलांसाठी ट्रस्ट करत असाल तर गुंतवणुकीचा अधिकार स्पष्ट आणि ऐसपैस लिहा. मुद्दल कोणत्या कारणांसाठी वापरता येईल तेही लिहा, म्हणजे विश्वस्तांना प्रत्येक वेळी न्यायालयात जावं लागणार नाही. सगळी रक्कम एकाच वयात देण्यापेक्षा दोन-तीन टप्पे ठेवा. विश्वस्त दोन नेमलेत तर मतभेद झाल्यावर कोण ठरवणार, आणि त्यांच्यापैकी कुणी गेलं किंवा थकलं तर पुढे कोण, ही नावं आधीच घाला. आणि ज्यांना नेमताय त्यांना विचारा. विश्वस्त होणं कुणावर बंधनकारक नसतं, आणि नकार द्यायची योग्य वेळ स्वीकारण्याआधीचीच असते.

तुमच्यापुरतं, पहिल्या महिन्यात तीन कामं करा. ट्रस्टचं पॅन आणि खातं. मृत्युपत्र घेऊन वकिलाकडे एक बैठक, शक्यतो काकांना बरोबर घेऊन. आणि गेल्या दोन वर्षांचा हिशेब एका पानावर लिहून दाजींना देणं, फ्लॅटचं उत्तर सांगण्याच्या आधी. त्यात एखादी पावती सापडत नसेल तर तसं लिहा.